झारीतले शुक्राचार्य आणि क्लचची तार

जालन्यात लोखंडाला कोणी भीत नाही. औद्योगिक वसाहतीत भंगाराचे ट्रकच्या ट्रक भट्टीत रिकामे होतात आणि दुसऱ्या टोकाने सळई होऊन बाहेर पडतात. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांच्या स्लॅबमध्ये हे गाव पोलाद होऊन बसलेलं आहे. पण याच गावात एखाद्या शंभर सीसीच्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये डोळ्याला न दिसणारा एक कण अडकला, की मंठा चौफुलीपासून अंबड चौफुलीपर्यंतचं सगळं तंत्रज्ञान हात टेकतं आणि दोन शब्दांवर येऊन थांबतं: ‘कचरा आला.’ गाडी मिसिंग करते? कचरा आला. पिकअप नाही? कचरा आला. चोक ओढूनही किक मारून मारून पोटरी भरून येते? कचराच. हे निदान बहुतेक वेळा खरं असतं, कधीच खोटं पाडता येत नाही, आणि ऐकणाऱ्याला लगेच बरं वाटतं. कारण त्यात दोष गाडीमालकाचाही नाही आणि मिस्तरीचाही नाही. कचरा कोणी टाकत नाही. तो येतो.

निदानापर्यंत तक्रार नाही. तक्रार उपचाराबद्दल आहे. कार्बोरेटर उतरवतात, खालची वाटी उघडतात, आतलं पेट्रोल डालड्याच्या जुन्या डब्यात ओततात, सगळे सुटे भाग त्याच डब्यात बुडवतात आणि दातांच्या सेवेतून निवृत्त झालेल्या ब्रशने घासतात. मग पितळेचा इवलासा जेट दोन बोटांत धरून, एक डोळा मिटून, मिस्तरी तो सूर्याकडे करतो. पलीकडचा उजेड दिसला तर ठीक. नाही दिसला तर ओठांत धरून फुंकतो, पेट्रोलची चव आली की बाजूला थुंकतो आणि पुन्हा सूर्याकडे बघतो. तरीही अंधारच असला, तर कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवलेली, तुटलेल्या क्लच केबलमधून सोडवलेली ती एक तार खाली येते. तार जेटमध्ये शिरते, मागेपुढे होते, पलीकडून डोकं काढते, आणि गाडीमालकाच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं. आता म्हणणं असं आहे की कार्बोरेटरचं कचऱ्याने जेवढं वाटोळं केलं, त्याहून जास्त या तारेने केलं. अल्ट्रासोनिक क्लीनर नावाचं जे यंत्र हल्ली काही हजारांत मिळतं ते कचरा काढतं हे खरंच. पण त्याची खरी कमाई म्हणजे ते तारेला काम शिल्लक ठेवत नाही.

बारीक भोकात काडी घालण्याची युक्ती नवी नाही. वामनाला तीन पावलं जमीन द्यायची म्हणून बळीराजाने उदक सोडायला झारी उचलली, तेव्हा शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन तिच्या तोटीत जाऊन बसले आणि पाणी अडलं. ही कथा आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांच्या संदर्भात सांगतात. खरं तर ती फ्लोट चेंबरच्या संदर्भात सांगायला हवी. वामनाने दर्भाची काडी तोटीत खुपसली. तोटी मोकळी झाली, उदक सुटलं, दान पार पडलं. शुक्राचार्यांचा मात्र एक डोळा कायमचा गेला. जेट-सफाईची ही पहिली नोंद म्हणायला हरकत नाही, आणि आजच्या गॅरेजातलं सगळं तिच्यात आहे. अडथळा सूक्ष्म होता, निदान अचूक होतं, हाताशी होतं ते हत्यार वापरलं, आणि काम झाल्याच्या आनंदात कायमच्या नुकसानीची चौकशी कोणी केली नाही. फरक एवढाच, की वामनाने निदान दर्भ वापरला. दर्भ पितळेपेक्षा मऊ असतो.

क्लचची तार पोलादी असते, आणि पोलाद पितळेला ओरबाडतं हे जालनेकराला समजावून सांगावं लागू नये. प्रश्न किती ओरबाडतं एवढाच आहे. केहिन या कार्बोरेटर बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत पायलट जेटवर ३५ असा आकडा कोरलेला असला, तर भोकाचा व्यास ०.३५ मिलीमीटर. माणसाचे चार-पाच केस शेजारी शेजारी ठेवले की एवढी रुंदी भरते. त्यात वर्षातून दोनदा तार फिरली आणि काही वर्षांनी भोक ०.४० झालं, तर सूर्याकडे धरून बघणाऱ्याला काडीचाही फरक कळणार नाही. उलट उजेड जास्त दिसला म्हणून तो खूशच होईल. पण पेट्रोल व्यासाकडे बघत नाही, क्षेत्रफळाकडे बघतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. ०.३५ चा वर्ग ०.१२२५, ०.४० चा ०.१६. पाच शतांश मिलीमीटरने पेट्रोलची वाट तीस टक्क्यांनी रुंद केली. याचा अर्थ गाडीचं अ‍ॅव्हरेज तीस टक्क्यांनी पडतं असा नाही, कारण गाडी वेगात असताना मेन जेट आणि नीडल कारभार बघतात. पण गाडी उभ्या उभ्या चालू असताना, बाजारातल्या गर्दीत रांगताना, उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्यांची धूळ खात सरकताना पेट्रोल याच जेटमधून जातं, आणि आपल्याकडे गाडीचं अर्धं आयुष्य अशा सरकण्यातच जातं. प्लग काळा पडतो, सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज उतरतं. मालक गॅरेजात येतो. मिस्तरी म्हणतो, ‘कचरा आला भाऊ.’ तार पुन्हा खाली येते. शिवाय गुळगुळीत भिंतीपेक्षा ओरखडलेल्या भिंतीला पुढचा कचरा जास्त आवडीने चिकटतो, त्यामुळे या चक्राला वंगण घालण्याचीसुद्धा गरज पडत नाही.

यंत्र दिसायला अगदीच बिनरुबाबाचं आहे. दोन-तीन लिटरची स्टीलची चौकोनी टाकी, आत टांगायची जाळीची टोपली, पुढे टायमर आणि तापमानाचं बटण. करामत आहे ती टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवलेल्या चकत्यांमध्ये. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज उमटते, हे जाक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं; उलट बाजूने वीज दिली की ते आक्रसतात आणि फुगतात. याच तत्त्वावर या चकत्या साधारणपणे सेकंदाला ४० हजार वेळा थरथरतात. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो, म्हणून बाहेर ऐकू येते ती नुसती किरकिर. पाण्यावरचा दाब तितक्याच वेळा वरखाली होतो. दाब उतरला की पाण्यात सूक्ष्म पोकळ्या होतात, चढला की त्या आत कोसळतात, आणि कोसळताना त्यांच्या पोटातलं तापमान क्षणाच्याही सूक्ष्म अंशापुरतं हजारो अंशांवर जातं. अशा कोसळत्या बुडबुड्याचं गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडलं, ते जहाजांचे कांस्याचे पंखे समुद्रात कोण कुरतडतं या काळजीपोटी. आरमाराला ज्याने जेरीस आणलं तो बुडबुडा आता कार्बोरेटर घासतो. यंत्र चालतं की नाही हे बघायला त्यात पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी फॉइलचा तुकडा उभा धरायचा. मिनिटभरात त्याला चाळणीसारखी भोकं पडतात. जेट टाकला तर आणखी मजा. पाणी निवळ असलं तर पितळेच्या त्या बारीक तोंडातून विडीच्या धुरासारखी तपकिरी रेघ बाहेर येताना दिसते, थांबते, पुन्हा येते. वर्षानुवर्षं पेट्रोल सुकून बसलेला तो चिकटा असतो. दहा-पंधरा मिनिटांनी जेट बाहेर काढावा तर देवघरातल्या चिंच लावलेल्या समईइतका पिवळा.

इथे चाणाक्ष वाचक विचारणारच, की फॉइलला भोकं पडतात तर जेटच्या भोकाचं काय? बुडबुडे ते मोठं करणार नाहीत कशावरून? शंका रास्त आहे. फॉइल मिलीमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्शाइतकं पातळ असतं आणि जेट भरीव पितळेचा. दहा-पंधरा मिनिटांत त्याचं काही बिघडत नाही. पण यंत्र चालू करून मिस्तरी जेवायला गेला, जेवणानंतर पाहुण्याकडे गेला आणि पाहुण्याने त्याला सोयरिकीच्या बोलणीत बसवून घेतलं, तर अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर पांढुरकी खरबरीत कळा येऊ शकते. टायमर त्यासाठीच असतो. तारेला टायमर नसतो. तिला फक्त मिस्तरीचा मूड असतो.

पुढचा आक्षेप जास्त वजनदार आहे. कार्बोरेटर उघडावा तर लागतोच, जेट काढावे लागतात, मग हातकामातून सुटका कुठे झाली? खरं आहे. अख्खा कार्बोरेटर बंद वाटीसकट पाण्यात सोडून चमत्काराची वाट बघणाऱ्याच्या पदरी ओला कार्बोरेटर पडतो. वाटी, फ्लोट, जेट, नीडल सगळं सुटं करायचं, रबरी रिंगा आणि पडदे बाजूला ठेवायचे, भाग पाण्यात तिरके करून भोकातली हवा जाऊ द्यायची, कारण जिथे पाणी पोचत नाही तिथे बुडबुडाही पोचत नाही. पण उघडणं वेगळं आणि उघडल्यावर हात शिवशिवणं वेगळं. उघडा कार्बोरेटर आणि रिकामे हात एकत्र आले, की मिस्तरी फ्लोटची पितळी पट्टी ‘जराशी’ वाकवतो, नीडलची क्लिप एक खाच वर घेतो, एअर स्क्रू अर्धा आटा फिरवतो, आणि या तिन्हींपैकी नेमकं कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही अशी व्यवस्था करतो. जालन्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून उभा आहे. एवढ्या जवळून निघालेल्या गाडीचं कारखान्यातलं माप जालना येईपर्यंत टिकतं आणि पहिल्या सर्व्हिसिंगला संपतं. यंत्र चालू असतं तेव्हा मात्र सगळे भाग साबणाच्या गरम पाण्यात असतात. तिथे बोट घालून काही वाकवता येत नाही. पंधरा मिनिटं मिस्तरीला चहा पिण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि चहा पिणाऱ्या मिस्तरीने आजवर एकही जेट बिघडवलेला नाही.

पण नेमकी इथेच गिऱ्हाइकाची अडचण सुरू होते. आपण गॅरेजात पैसे देतो ते गाडी नीट झाल्याचे देतो असा आपला समज आहे. प्रत्यक्षात आपण देतो ते मिस्तरीच्या घामाचे, काळ्या हातांचे, हाताखालच्या पोराला घातलेल्या शिव्यांचे आणि मध्येच मान हलवून काढलेल्या ‘लई खराब झाली होती भाऊ’ या उद्गाराचे. गाडी अर्धा तास खोलून ठेवली तर शंभर रुपये हसत निघतात. तेच काम एका डब्याने किरकिर करत उरकलं आणि मिस्तरी शेजारी चहा पीत बसला, तर तेवढेच पैसे देताना गिऱ्हाइकाचा जीव वरखाली होतो. डब्याला कसले पैसे? डबा तर लाइटवर चालतो! हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण यंत्र काय करतं यापेक्षा गिऱ्हाइकाला ते करताना दिसतं का, यावर गॅरेजाचं भाडं निघतं. याचं उत्तर मात्र जालन्यातच आहे, आणि जुनं आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, तेव्हा त्यांनाही हाच प्रश्न होता. घरच्या कणगीत फुकट बियाणं पडलेलं असताना शेतकऱ्याने पिशवीतल्या बियाण्याला दाम मोजायचे, तेही दरवर्षी, आणि त्या दाण्यात काय जास्त आहे हे फोडून बघितलं तरी दिसणार नाही! शेतकऱ्याने ते मोजले. १९९८ मध्ये बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. दाण्याच्या आतलं न दिसणारं विकत घेण्याची सवय ज्या गावाने देशाला लावली, त्या गावाला जेटच्या आतली न दिसणारी सफाई विकणं जड जाऊ नये. बियाण्याचं खरंखोटं कळायला एक हंगाम लागतो; जेटचं पुढच्या टाकीभर पेट्रोलमध्ये कळतं. आणि ज्यांना एवढाही धीर नाही त्यांच्यासाठी ते तपकिरी पाणी आहेच. शहाण्या मिस्तरीने ते लगेच ओतून देऊ नये. काचेच्या बरणीत भरून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं आणि आपण काही बोलू नये.

यापुढे शिकल्या-सवरलेल्यांचा आक्षेप येतो: अहो, कार्बोरेटरच संपला, आता कसलं यंत्र? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक सगळ्या नव्या गाड्यांना इंजेक्टर बसले. पुण्या-मुंबईत बसून हे बोलायला सोपं आहे. जालना जिल्हा झाला १९८१ मध्ये, हीरो होंडाची सीडी-१०० आली १९८५ मध्ये, स्प्लेंडर १९९४ मध्ये. तिघंही अजून रस्त्यावर आहेत. इथे मोटरसायकल मरत नाही, तिची बदली होते. आधी ती मुलाला कॉलेजला नेते, मग बापाला बाजार समितीत, मग दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन लटकवून डेअरीवर जाते, आणि शेवटी नंबर प्लेट, आरसे आणि एक इंडिकेटर गमावून गवताचा भारा वाहायला वस्तीवर कायमची राहते. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे गाडीच्या नशिबी तोच फुफाट्याचा रस्ता, फक्त आता अधूनमधून पुलाखालून जाताना सावली मिळते. शिवाय कार्बोरेटर काही एकट्या मोटरसायकलची मालमत्ता नाही. मोसंबीच्या बागेत पाठीवर घेऊन फिरायचा पेट्रोलवरचा फवारणी पंप, गवत कापायचं यंत्र, पॉवर वीडर, लग्नसराईतला लहान जनरेटर, सगळ्यांना तो असतो, आणि ही मंडळी वर्षातले आठ महिने टाकीत जुनं पेट्रोल ठेवून कोपऱ्यात झोपलेली असतात. पेट्रोल उडून जातं, चिकटा जेटमध्ये मागे राहतो, आणि ऐन फवारणीच्या दिवशी दोरी ओढून ओढून माणसाचा खांदा निखळायची वेळ येते. इंजेक्टरलाही कचऱ्याचं वावडं नाहीच. तोही याच तत्त्वावर धुतात. तार मात्र त्यात शिरत नाही, हा बीएस-६ चा कोणत्याही परिपत्रकात न छापलेला फायदा.

मग हा कचरा एवढा येतो तरी कुठून? धूळ आहेच. टाकीतला गंज आहे. किराणा दुकानात शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं पेट्रोल आहे, ज्यात पेट्रोलबरोबर बाटलीचा पूर्वेतिहासही येतो. आणि आता इथेनॉल आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट सरकारने २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ वर आणलं, त्यामुळे साखर कारखान्यांना बरे दिवस आले, आणि गोदाकाठच्या उसाला चहाच्या कपाखेरीज टाकीतही जागा मिळाली. इथेनॉल शेवटी मद्यच. त्याला पाण्याची ओढ. हवेतली ओल ते शोषून घेतं, ओल फार झाली की पाण्याला बरोबर घेऊन पेट्रोलशी काडीमोड घेतं आणि तळाला जाऊन बसतं. कार्बोरेटरचा तळ म्हणजे ती वाटी. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमच्या त्या वाटीत मग पांढरी भुकटी धरते, आणि पायलट जेटचं तोंड तिथून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर असतं. ही भुकटी फुंकरीने जात नाही, तारेने कोपऱ्यात सरकते, यंत्राने निघते. पण टाकीतला गंज तसाच ठेवून नुसता कार्बोरेटर धुतला, तर यंत्राचा आणि तारेचा निकाल महिनाभरात सारखाच लागतो. झिजलेली नीडल, फाटलेला पडदा, पेट्रोल शिरलेला फ्लोट यांच्यापुढे तर बुडबुडा अगदीच गरीब आहे. तो घाण काढतो. वय काढत नाही.

यंत्रातही काय घालावं याबद्दल गॅरेजाचं स्वतःचं तत्त्वज्ञान आहे: जितकं जहाल तितकं बरं. म्हणून पहिली कल्पना पेट्रोलची सुचते. गरम होणारी टाकी, खाली वीज आणि वर पेट्रोलची वाफ, एवढं साहित्य जमलं की त्याला सफाई न म्हणता अंत्यविधी म्हणतात. थिनरचंही तेच. दुसरी कल्पना कॉस्टिकची. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं. कार्बोरेटर धुऊन निघण्याऐवजी काळाठिक्कर पडून निघतो आणि त्याच्या अंगावर फेस येतो, तो काही आनंदाचा नसतो. लागतं ते एवढंच: पन्नास-साठ अंशांचं गरम पाणी आणि भांड्यांचा सौम्य लिक्विड साबण. काम झाल्यावर स्वच्छ पाण्याने खळबळून लगेच हवा मारून वाळवायचं. आता पाणी म्हटलं की जालन्यात आवाज खाली येतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जिथे मोसंबीच्या बागा वाळून तोडाव्या लागल्या आणि जायकवाडीच्या जलवाहिनीकडे सगळा गाव डोळे लावून बसला होता, तिथे लोखंडी डब्याला पाणी पाजायचं म्हणजे पाप वाटणं साहजिक आहे. पण हिशेब करावा. मोटरसायकल पाइप लावून धुताना बादल्याच्या बादल्या रस्त्यावर वाहतात. यंत्राला दोन-तीन लिटर पुरतात, आणि तेवढ्यात पाच-सहा कार्बोरेटर निघतात. फक्त ते बोअरचं नको. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर वाळल्यावर जेटमध्येच बसायचा, म्हणजे शुक्राचार्य उठवून त्यांच्या जागी दुसरे बसवल्यासारखं. जारचं पाणी वापरावं. घरातली माणसं बोअरचं पितात आणि कार्बोरेटर जारचं, याचा घरच्यांना राग येईल. तो आला तर चुकीचा म्हणता येणार नाही.

राहिली किंमत. लहान गॅरेजाला काही हजारसुद्धा जड जातात, आणि दिवसाला एखादाच कार्बोरेटर येत असेल तर यंत्र घेऊन ठेवणं म्हणजे बिऱ्हाड वाढवणंच. पण एकाच ओळीत सात-आठ गॅरेजं असतात, एकाच चहावाल्याकडे उधारीचं खातं चालवतात, एकमेकांचे पाने नेतात आणि परत करत नाहीत. तिथे एक यंत्र सामाईक चालायला हरकत नाही. तेवढाही धीर नसेल तर सराफ्यात विचारावं. तिथे हेच यंत्र कधीपासून दुकानाच्या मागच्या अंगाला किरकिरतंय. चष्म्याच्या दुकानात आणि दातांच्या दवाखान्यातही आहे. अंगठीच्या कोंदणातला मळ आणि पायलट जेटमधला चिकटा यांत बुडबुडा भेदभाव करत नाही. सराफ करेल, हा भाग वेगळा, आणि करावा. उलट्या बाजूची अडचण मात्र जास्त खरी आहे. यंत्र गॅरेजात आलं की गल्लीला कळतंच. आधी कोणीतरी चष्मा घेऊन येतं, मग पैंजण येतात, मग फडक्यात गुंडाळलेली आजोबांची कवळी येते आणि ‘पाच मिनिटांचं तर काम आहे भाऊ’ असं वाक्य येतं. पैंजण घ्यावेत, पण पाणी बदलून. कवळी त्याच टाकीत घ्यायची की नाही हा मिस्तरीच्या माणुसकीचा प्रश्न आहे. नथ मात्र हातातसुद्धा घेऊ नये. मोत्याला हे बुडबुडे मानवत नाहीत, त्याच्या अंगावरचं तेज जातं. आणि लग्नातल्या नथीच्या मोत्याचं पाणी उतरलं, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं हे ऐकून घ्यायला त्या घरातलं कोणीही तयार होणार नाही.